म्हाळसाबाईचा धोंडा

म्हाळसाबाईचा विश्वास फक्त धोंड्यावर होता. नवऱ्यावर नाही, पोरावर नाही, बाजारातल्या लोखंडी मापांवर तर मुळीच नाही. त्या सुमारास किलोची नवी मापं यायला लागली होती आणि सरकारनं शेर बुडवून गरिबाला लुटायचा घाट घातलाय, असं ती दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी तिच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायचो. पूर्णेच्या शाळेत शास्त्र शिकवायचो, सायकलनं जायचो-यायचो. माझ्यावरही तिचा विश्वास नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

धोंडा तिच्या सासऱ्याच्या काळापासून देवघरात होता, भंडारा फासलेला. भादव्यात मेंढरं नदीवर धुऊन कातरायची, लोकर उन्हात खडखडीत वाळवायची, मग अंगणातल्या लिंबाला तराजू टांगून एका पारड्यात धोंडा ठेवायचा आणि दुसऱ्यात लोकर. दांडी सरळ झाली की तेवढी लोकर पोत्यात भरून कोठीत ठेवायची. ती सणगराची, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्याची. सणगर दसऱ्याच्या आत यायचा, देवासमोर ती पुन्हा धोंड्याला तोलून घ्यायचा आणि जायचा. कधी चिमूटभर फरक पडला नव्हता. फक्त एकदा पडला होता, आणि त्या एकदाची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती.

पोलीस ॲक्शनच्या साली रझाकारांच्या धामधुमीत सणगर गाव सोडून पळाला होता. तो परत आला चैतात. लोकर तोलली तर पारडं वर. कोठीची किल्ली त्या साली म्हाळसाबाईच्या धाकट्या जावेकडं, धुरपदाबाईकडं होती. तिला भंडारा उचलायला लावला. तिनं तान्हं लेकरू काखेत धरून भंडारा उचलला, म्हणाली, मी चोरली असंल तर देव बघून घेईल. त्याच उन्हाळ्यात लेकरू गोवरानं गेलं. देवानं जवाब दिला, असं गाव म्हणालं. नवऱ्यानं, ग्यानबानं, तिला घराबाहेर काढलं आणि दुसरी केली. धुरपदाबाई तेव्हापासून चुडाव्याला, स्टेशनाजवळ खडी फोडून पोट भरत होती.

दुसऱ्यांदा फरक पडला तो माझ्या डोळ्यांसमोर. सणगर येडबाचा पाय मोडला होता, म्हणून तो दसऱ्याला न येता थेट चैतात आला. लिंबाला तराजू टांगला. लोकरीचं पारडं वर गेलं ते वरच राहिलं. येडबानं दांडी बोटानं दाबून पाहिली आणि हात झटकले.

या खेपेला किल्ली होती सुनेकडं. दैवशाला तिचं नाव, सेलूकडची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि पोटात तिसरा-चौथा महिना होता. म्हाळसाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग कोठीकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

"धोंडा काय चालत जात न्हाई," ती म्हणाली. "धोंडा तेवढाच हाय. लोकर कुठं गेली?"

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, तराजूची दांडी खोटी असेल. पारडी अदलून पाहा. अदलली. लोकर त्या बाजूलाही वरच. मग उंदरांवर शक घेतला. पोतं उलटंपालटं केलं; कुरतडल्याची एक खूण नाही, शिवण जशीच्या तशी. दांडी सुटली, उंदीर सुटले. उरली ती पोर.

"लोकरीतलं पाणी उडालंय," मी शेवटी म्हणालो. त्या क्षणापर्यंत मला ते सुचलं नव्हतं, आणि सुचल्यावर मला स्वतःचाच फार अभिमान वाटला. "हाताला कोरडी लागली तरी लोकर हवेतलं पाणी धरून असते. प्रत्येक पदार्थ बारीक कणांचा असतो, कणांमध्ये पोकळी असते. भादव्यात हवा ओली, तेव्हा पाण्याचे कण त्या पोकळीत शिरले. आता चैताच्या उन्हात निघून गेले. दिसत नाहीत, पण वजन असतंच."

म्हाळसाबाईचा नवरा रायभान भला माणूस. त्यानं धोंड्यावर हात ठेवला. "म्हंजी मास्तर, ह्यो बी कनाकनाचाच? आतून पोकळ?"

"हो."

"मंग माजं डोस्कं बी तसंच आसंल," तो म्हणाला आणि बाया हसल्या.

म्हाळसाबाई हसली नाही. "भादव्यात दोन उनं दिली व्हती लोकरीला. मी सवता हात घालून बगितला व्हता, कुरकुर वाजत व्हती. मास्तर, दिसत न्हाई ते पानी तुमाला बरं दिसलं? आन् तुमाला तिचा एवढा कैवार कामून आलाय?"

सुग्रीव, तिचा पोरगा, माझ्याकडं बघायला लागला, आणि ते बघणं चांगलं नव्हतं. मी मदतीला गेलो होतो आणि त्या पोरीवर एकाच्या जागी दोन शक बसवून आलो. मला राग आला. म्हाळसाबाईचा आलाच, पण त्या नेभळट सुग्रीवचा जास्त आला. बायकोवर आळ येतोय आणि हा आपला धोतराचा सोगा चाचपत उभा!

म्हाळसाबाईनं देवघरातून भंडाऱ्याची वाटी आणली. "उचल."

दैवशालानं हात मागं घेतला. अंगणभर कुजबूज झाली. एकजणी म्हणालीच, "बगा, चोराच्या मनात चांदनं."

"मी उचलनार न्हाई," दैवशाला म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नीट होते. "देवाला भ्याले म्हून न्हाई. तुमाला भ्याले म्हून. धाकल्या आत्याबाईंनी उचलला व्हता. उंद्या माज्या लेकराला नुसता ताप जरी आला, तरी तुमी म्हनताल, देवानं जवाब दिला. मी माजं लेकरू वजनाला लावनार न्हाई."

मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता मला विचारलं, "मास्तर, चैतात पानी उडालं आसंल, तर पावसाळ्यात ते माघारी यील का?"

वर्गात कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे हो म्हटलं असतं. पण मी ते पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. "यायला पाहिजे," मी म्हणालो.

"आमच्याकडं मिठाला पावसाळ्यात पानी सुटतंय," ती सासऱ्याला म्हणाली. "कोन आनून घालतंय ते? मामंजी, तेच पोतं, तीच कोठी. कुलूप लावा, किल्ली आत्याबाईंनी घ्यावी. मी माह्येरी जाते, पयलं बाळंतपन हायच. श्रावनात तोला. पारडं वरच ऱ्हायलं, तर मला न्यायला कुनी येऊ नका. खाली आलं, तर आत्याबाईंनी सवता यावं. ह्यांला धाडू नका." सुग्रीवकडं तिनं पाहिलंही नाही.

येडबा कुरकुरला; घोंगड्या मिरगाच्या आत विणायच्या असतात. रायभाननं त्याला समजावलं, यंदा जुन्यांवरच भागवू. म्हाळसाबाई कबूल झाली ती न्यायासाठी नव्हे, चोर रंगेहाथ धरायला. पोत्याच्या तोंडाला तिनं आपल्या डोक्याचा केस गाठीत घालून दोरी आवळली. कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, उंबऱ्यावर राख पसरली. दैवशाला सेलूच्या गाडीत बसली तेव्हा तिला सोडायला एकटा रायभान गेला होता.

पुढचे महिने म्हाळसाबाई कोठीभोवती घिरट्या घालत होती. राखेत मांजराची पावलं उमटली तरी चौकशी व्हायची. सुग्रीवनं कोठीच्या भिंतीला पाठ टेकली तर तिथून उठवायची. बायकोनं ह्यालाच फितवलं असेल, म्हणून. माझ्यावर तर खास पाळत होती. मी ओसरीत तांब्या घेऊन आलो तरी समोरून आवाज यायचा, "मास्तर, किती पानी दिसलं आज?" मी हसण्यावारी न्यायचो, पण आत धाकधूक असायची. शाळेत मी पोरांना रोज सांगायचो, पदार्थ नाहीसा होत नाही, नुसता जागा बदलतो. आणि घरी येऊन आभाळाकडं बघायचो. पारडं वरच राहिलं, तर एक लेकरू माझ्या पुस्तकाच्या भरवशावर बापाविना वाढणार होतं.

श्रावणात झड लागली. घोंगड्यांना कुबट वास यायला लागला, मिठाच्या मडक्याखाली ओल आली. एक दिवस सकाळी झड थांबली तसा रायभाननं तराजू काढला. म्हाळसाबाईनं कुलूप उघडलं. राख जशीच्या तशी, गाठ तीच, गाठीतला पांढरा केसही तोच. तिनं केस बोटानं ओढून खात्री करून घेतली. मग पोतं सोडलं, लोकर हातानं चाचपली.

"कोरडीच हाय," ती म्हणाली. आवाजात समाधान होतं.

लोकर पारड्यात गेली. धोंडा समोर. रायभाननं दांडी सोडली. लोकरीचं पारडं खाली येत गेलं, थोडं वर गेलं, पुन्हा खाली, आणि धोंड्याच्या बरोबरीला येऊन थांबलं.

"पारडी अदला," म्हाळसाबाई म्हणाली. अदलली. दांडी सरळच.

"आनून टाकली कुनीतरी," गर्दीतलं कोणी पुटपुटलं. सवयच ती, सुटणार कशी. सगळ्यांच्या नजरा नकळत म्हाळसाबाईच्या कमरेकडं गेल्या, किल्लीकडं. तिच्याही लक्षात आलं. चार महिने ती किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाताला लागली नव्हती. आता शक घ्यायचाच तर तिच्यावरच घ्यावा लागणार होता.

रायभान मोठ्यानं हसला. "लोकर निर्दोष सुटली की गं! जा आता सेलूला, सुनंला आन." सुग्रीवनं तर टोपी झटकून डोक्यावर घातली, जसा काही खटला त्यानंच जिंकला होता.

म्हाळसाबाई मात्र धोंड्याजवळ खाली बसली. तिनं धोंड्यावरून हात फिरवला, हाताला भंडारा लागला. बराच वेळ ती त्या पिवळ्या हाताकडं बघत होती. मला वाटलं, हरल्याचं दुःख असेल.

"त्या साली बी चैतच व्हता," ती म्हणाली.

रायभानचं हसू तिथंच थांबलं.

तिनं त्याच पावली लुगडं सारखं केलं आणि मला म्हणाली, "मास्तर, चला. तिला समजून सांगा, ते कनाचं. मला सांगता यायचं न्हाई." मी गेलो. पूर्णेहून सेलूची गाडी एकीकडं जाते आणि चुडाव्याची दुसरीकडं. ती चुडाव्याच्या गाडीत बसली.

धुरपदाबाई रुळांपलीकडं खडीच्या ढिगावर बसली होती. हातात हातोडा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. वयानं धाकटी, पण दिसायला म्हाळसाबाईपेक्षा थोरली. तिनं आम्हाला बघितलं आणि हातातला दगड फोडून मगच मान वर केली.

मी घसा साफ केला, पण मला तोंड उघडावं लागलं नाही. म्हाळसाबाईच बोलली, उभ्यानंच. "धुरपदे, लोकर चोरीला गेलीच नव्हती. उन्हाळ्यात ती हलकी व्हतीय आन् पावसाळ्यात भरतीय. माजी सून म्हनली पावसाळ्यापोतर थांबा, म्हून कळलं. आपून त्या साली थांबलो न्हाई गं."

धुरपदाबाई तिच्या पिवळ्या हाताकडं बघत राहिली. रडली नाही, चिडली नाही. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लेकरू गोवरानंच गेलं म्हना की मंग," ती म्हणाली.

"गोवरानंच."

तिनं मान हलवली. दहा वर्षं ती बाई स्वतःवरही शक घेत आली होती, हे मला तेव्हा कळलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "सून कुठं हाय तुजी?"

"सेलूला, माह्येरी. न्यायला म्यांच जायाचं, आसं म्हनली व्हती. पर आदी तुज्याकडं आले. चल घरी, धुरपदे."

"माज्याकडं कशाला आदी आलीस, आक्का?" धुरपदाबाईनं पुढचा दगड ओढून घेतला. "ती वाट बगत आसंल. मी बगायची कवाच सोडली. जा, गाडी जाईल."

तिनं हातोडा उचलला. म्हाळसाबाई गाडी येईपर्यंत तिथंच उभी होती.