उपाशी प्लेट

"उगवलं! आचारीकाका, तुमच्या नातीचं उगवलं!" उबपेटीतून प्लेट काढत मॅडम ओरडल्या.

काका हातातलं काम टाकून धावले. तीस वर्षं ते या प्रयोगशाळेत यीस्टचं जेवण शिजवत होते, म्हणून आचारी. घरी साधा चहा उतू घालवतात, ही बायकोची तक्रार वेगळी.

नात चार वर्षांची. एका जनुकातल्या दोषामुळे गंधक असलेलं सिस्टीन हे अमिनो आम्ल तिच्या शरीरात बनत नव्हतं. त्याचा कच्चा माल रक्तात साचत होता, डोळ्यांची भिंगं सरकू लागली होती. यीस्टही सिस्टीन तशाच जनुकाच्या जोरावर बनवतं. मॅडमनी यीस्टचं ते जनुक काढून त्याजागी नातीचं घातलं आणि त्याला बिनसिस्टीनच्या जेवणावर ठेवलं. उगवलं तर जनुकात थोडा जीव आहे, बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या लागू पडण्याची आशा आहे.

"लेकीला फोन लावा की!"

काकांनी फोन लावला. तेवढ्यात त्यांची नजर शेजारच्या प्लेटवर गेली. तिथल्या यीस्टला कुणाचंच जनुक दिलेलं नव्हतं. ते उपाशी मरायला हवं होतं. तेही टरारून आलं होतं.

"बाबा? बोला ना."

"काही नाही गं. जेवलीस का?"

फोन ठेवून ते म्हणाले, "मॅडम, सिस्टीन पडलंय त्यात. माझ्याच हातून."

मॅडमनी दोन्ही प्लेटा पाहिल्या. "सवयीनं पडलं असेल, काका."

"असेल. मला खरंच आठवत नाही हो."

दुसऱ्या खेपेला सिस्टीनची बाटली त्यांनी आधी मॅडमच्या कपाटात ठेवायला लावली, मग शिजवायला घेतलं. यीस्टला चिमूटभर वाढलं की भागतं. नातीच्या रक्तात साचलेलं कोण उपसणार?

तीन दिवसांनी तुलनेसाठी ठेवलेली निरोगी जनुकाची प्लेट भरून आली. नातीची कोरी होती, धुतलेल्या ताटासारखी.

वापरलेल्या प्लेटा उकळून टाकायचं काम काकांचंच. बाकीच्या त्यांनी उचलल्या. ती एक परत उबपेटीत ठेवली.

"आणखी एक दिवस राहू दे?"

एका दिवसानं काही होत नसतं, हे मॅडमना ठाऊक होतं आणि काकांनाही. त्या फक्त "राहू दे" म्हणाल्या.

खिशातला फोन वाजला. लेकीचा होता.

"अजून नाही गं," काका म्हणाले. "उद्या बघू."