बाकावरची अर्धी जागा

मित्रांनो, खडूचा डबा आणायला कधी जिन्याखालच्या खोलीत आलात, तर कोपऱ्यात जरा नीट बघा. माझ्या डोक्यावर नकाशांच्या गुंडाळ्या आहेत, त्यांवर व्हॉलीबॉलची फाटकी जाळी आणि जाळीवर कुणाची तरी विसरलेली छत्री. परवा एकजण मला कपाट समजून माझे दार शोधत बसला होता. त्याचा तरी काय दोष? पण मी कपाट नाही बरे का, मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी हवा भरायची आणि हातांनी वाजवायचे, एवढे माझे साधे काम. ते मी आपल्या शाळेच्या चॅपलमध्ये, वेदीच्या शेजारी, मोठ्या ऐटीत उभी राहून केले आहे.

मला दोन भावांनी घडवले. थोरल्याने लाकूड तासले, धाकट्याने पितळेचे सूर घासून घासून बसवले. दोघांचे एकमेकांशी अजिबात पटत नसे. भाता केवढा असावा यावरून तर अबोलाच धरला होता. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा मात्र दोघेही हातातले काम टाकून एकाच फळीवर येऊन बसले.

शाळेत आले ती पेटीवाल्या सिस्टरांच्या हाती पडले. त्यांचे खरे नाव काय होते, ते बहुधा देवाला आणि शाळेच्या कार्यालयाला ठाऊक असेल. अंगाने मूठभर, पण जिभेला धार अशी की बेसूर गाणारी मुलगी त्यांनी चष्म्यावरून नुसते पाहिले तरी सुरात यायची. त्यांच्या बोटांखाली मी कितीतरी वर्षे सुखाने गायले. मग एके वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. बोटे तशीच चपळ होती, पण पायडल दाबले की डोळ्यांत पाणी यायचे.

त्याच वर्षी लंबू हायस्कूलमध्ये आली. हे नाव तिला मैत्रिणींनी दिले होते आणि ते खोडून काढायला तिच्याकडे काही मुद्दा नव्हता. प्रार्थनेला उशिरा आली, तीही काखेत बास्केटबॉल मारून. सिस्टरांनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि पुन्हा खाली येऊन पायांवर थांबल्या.

"पाय चांगले लांब आहेत तुझे. बस इथं. हवा भर."

"मला पेटी येत नाही, सिस्टर."

"वाजव म्हणून कोण म्हणतंय? वाजवणार मी. तू फक्त पाय हलव."

"आणि बॉल?"

"बाकाखाली ठेव. देवाला बॉलचं वावडं नाही."

तेव्हापासून एका बाकावर दोघी बसू लागल्या. उजव्या अर्ध्यावर सिस्टर, पाय बाजूला घेऊन. डाव्या अर्ध्यावर लंबू, पाय तिरके करून. हात एकीचे, पाय दुसरीचे. पहिल्या दिवशी तिने मैदानावर धावावे तसे पायडल हाणले आणि मी अशी काही किंचाळले की वेदीजवळ फादर दचकले. "अगं बाई, सामना नाही हा!" सिस्टर पुटपुटल्या. "श्वास घेतेस ना? तसं दाब." हळूहळू तिला ते जमले. पुढे पुढे तर सिस्टरांचे कोपर जरा हलले की कडवे संपत आले, हे तिच्या पायांना कळायचे.

एकदा मूक प्रार्थना चालू असताना तो बॉल बाकाखालून निसटला आणि टप्पे घेत थेट वेदीपर्यंत गेला. फादरांनी डोळे न उघडता तो पायाने अडवला. सगळी शाळा ओठ दाबून लाल झाली होती. लंबूचे पाय हसण्याने थरथरले, सिस्टरांचे बोट पट्टीवर होतेच, आणि त्या शांततेत माझ्या तोंडून एक चिमुकला सूर सुटला. मग काय, फादरही हसले.

लंबूची शाळा मी तिच्या पायांवरून ओळखायचे. गणितात दांडी उडाली की पाय जड पडायचे. प्रयोगशाळेत काही नवे दिसले की ते उगाच भरभर चालायचे. नाटकात ती राजा झाली, तेव्हा मिशीचा डिंक ओठावर घेऊन आली आणि पायडलही राजासारखे दाबू लागली. सिस्टरांनी लगेच तिला गादीवरून खाली उतरवले. शनिवारी मुली वृद्धाश्रमात जेवण वाढायला जात. तिथून आली की तिचे पाय फार हळुवार चालत. सगळीकडे तिचे नाव असायचे आणि सगळीकडे ती उशिरा पोचायची.

पण तिचे लक्ष सारखे सिस्टरांच्या बोटांवर असे. "सिस्टर, एकदा मला वाजवू द्या ना," ती म्हणायची. "आधी हवा नीट भर," हे ठरलेले उत्तर. शेवटच्या वर्षी मात्र सिस्टर विरघळल्या. शाळा सोडणाऱ्या मुली एक निरोपाचे गीत म्हणत असत, ते त्यांनी तिला ओळ ओळ करून शिकवले. आता हातही तिचे आणि पायही तिचेच. तिची एकच इच्छा होती. ते गीत सबंध वाजवायचे आणि सिस्टरांनी शेजारी बसून ऐकायचे.

"शुक्रवारी," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी नुसती ऐकणार."

आणि नेमका बास्केटबॉलचा अंतिम सामना शुक्रवारवर आला. त्या दुपारी लंबू खेळाच्या कपड्यांतच धावत चॅपलमध्ये आली. रडायचीच बाकी होती.

"सिस्टर, काय करू हो मी?"

सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "जा. मुली खोळंबल्यात. पेटी कुठं पळून जाते?"

"तुम्ही चिडला नाहीत ना?"

"जिंकून ये, मग चिडते."

मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता आले असते तर! सिस्टरांनी माझे झाकण आधीच लावून टाकले होते. दाराआड त्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. त्यांच्या पंथात बदलीचा हुकूम आला की गाजावाजा न करता निघायचे असते. पोरीने खेळताना मागे वळून पाहू नये, म्हणून त्यांनी तिला सांगितले नाही. त्यांनी मला पुसले, खोळ घातली, नाड्या बांधल्या आणि बाकाच्या आपल्या अर्ध्यावर जाऊन बसल्या. बाहेर गाडीचा भोंगा वाजला तशा उठल्या.

"सिस्टर, जिंकलो!" असे ओरडत लंबू आली तेव्हा चॅपल रिकामे होते. मुख्याध्यापिका मदर तिच्या मागोमाग आल्या आणि त्यांनी तिला जवळ बसवून सगळे सांगितले. ती माझ्याकडे एकटक बघत होती. मी जागेवरच होते. निरोपाच्या दिवशी तिने खोळ उघडली नाही. मुली पेटीशिवायच गायल्या.

मग चॅपलमध्ये विजेवर चालणारा कीबोर्ड आला आणि मी जिन्याखाली. त्याला हवा लागत नाही, पाय लागत नाहीत, शेजारी कुणी लागत नाही. माझा त्याच्यावर राग नाही. पण वरून प्रार्थनेचे सूर ऐकू आले की मला त्या दोघींची फार आठवण येते. भात्यात भोके पडली, एक पट्टी बसली. तरी दार करकरले की वाटायचे, आली.

आणि यंदा ती खरेच आली. चौकटीला डोके लागू नये म्हणून वाकून एक उंच बाई आत शिरली. तिने छत्री काढली, जाळी काढली, नकाशे उतरवले. ती आता गुडघे धरलेल्या लोकांना पुन्हा चालायला शिकवते म्हणे. खूप शोधल्यावर सिस्टर तिला म्हाताऱ्या सिस्टरांसाठीच्या एका दूरच्या आश्रमात सापडल्या होत्या. त्यांना आता चालवत नाही, ऐकूही कमी येते. भेटल्या भेटल्या त्यांनी विचारले होते, "पेटी कशी आहे?" आणि ती तडक इकडे निघून आली होती.

तिने मला रुमालाने पुसले, बाक पुसला आणि फोन माझ्यावर टेकवून ठेवला.

"सिस्टर, ऐकू येतंय का?"

"ओरडू नकोस, लंबू. वाजव."

ती वाजवू लागली. माझा श्वास पुरत नव्हता, बसलेली पट्टी उठत नव्हती, तरी होते नव्हते ते सगळे मी दिले. गीत सबंध झाले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिने तोंड फोनजवळ नेले. "सिस्टर?"

"हवा कमी पडतेय," सिस्टर म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "उजाडला बाई एकदाचा शुक्रवार."

भाता दुरुस्त करायला माणूस पाठवते, असे सांगून ती गेली आहे. मी वाट बघते आहे. तोवर मित्रांनो, खडू न्यायला आलात तर माझ्यावरची धूळ तेवढी झटकत जा. आणि तुम्हाला कुणी हसत हसत म्हणाले, जा, पेटी कुठे पळून जाते, तर पेटीची काळजी करू नका. म्हणणाऱ्याचा चेहरा मात्र एकदा नीट बघा.

एक सांगायचे राहिलेच. त्या दिवशी सगळा बाक तिचाच होता. तरी ती डाव्या अर्ध्यावरच बसली, पाय तिरके करून, आणि उजवीकडच्या पट्ट्यांपर्यंत हात ताणून ताणून वाजवत राहिली.