वरून ओतलेलं पाणी

मोतीरामनं सुनेच्या डोक्यावरची घागर हिसकली आणि अंगणातल्या दगडावर आपटली. खापरं उडाली, पाणी तापलेल्या मातीत बघता बघता जिरलं, आणि शालू "मामाजी" म्हणते न म्हणते तोच तिच्या गालावर म्हाताऱ्याचा हात बसला. हात कसला, उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचललेला पंजा तो. ती कोलमडून भिंतीला टेकली.

"कोनाच्या विहिरीचं आनलं हे?"

"वकिलाच्या."

"तू काढलं?"

शालूनं पदरानं तोंड पुसलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. त्या दिवशी असती तर बरं झालं असतं.

"सरोजिनीबाईनं वतलं. वरून. म्या घागर खाली धरली होती."

म्हाताऱ्यानं पुन्हा हात उगारला. शालू हलली नाही.

"मारा. पन मासे मरून राहिले मामाजी. दोन तर सकायीच गेले. म्हनून गेली मी."

मोतीरामचा हात वरच राहिला. शालूच्या गालावर दोनच बोटं उठली होती. कोणाच्याही थपडेनं चार उठतात, मोतीरामच्या उजव्या हाताची मात्र दोन बोटं वाकडी होती. ती चाळीस वर्षांपूर्वी तेल्हाऱ्याकडच्या त्याच्या गावी मोडली होती, आणि तीही विहिरीपायीच. तहान लागली म्हणून पोरसवदा मोतीरामनं बादलीला हात लावला, तर चौघांनी त्याला धरून तो हात विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि पाचव्यानं वरून दगड घातला. बाप बाजूला उभा राहून पाया पडत होता. त्या पाचव्याचं मोतीराम काही करू शकला नाही, आणि आज मार खाल्ला तो कोणी, तर घरच्या सुनेनं. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. त्याला ते कळलं, आणि कळल्यामुळे तो आणखीच पेटला.

घरात खिडकीशी माशांची काचेची पेटी होती. त्याचा मुलगा शेषराव अकोल्यात सरकारी कचेरीत कारकून. तिथल्या साहेबाची बदली झाली तेव्हा मुंबईहून आणलेली ही पेटी तो शेषरावच्या गळ्यात मारून गेला. पहिल्या दिवशी मोतीराम खदखदून हसला होता. मासे रस्स्यात असतात, काचेत कायले, म्हणाला. पुढं महिन्याभरात त्याचं जेवण सुटेल पण पेटीसमोरची बैठक सुटेना. सगळ्यांत लठ्ठ लाल मासोळीला तो मनातल्या मनात पंचफुला म्हणायचा. ते त्याच्या मेलेल्या बायकोचं नाव. तीही अशीच दिवसभर तोंड हलवायची आणि बोललेलं काही ऐकू यायचं नाही.

यंदा उन्हाळ्यात हैज्याची साथ आली आणि नळाच्या पाण्यात औषध पडू लागलं. प्यायला घेतलं की नाकात झणझणायचं. माणसांना चाललं, माशांना चालेना. शेषरावनं कचेरीत चौकशी केली, तर कोणी म्हणालं, औषधाचं पाणी माशांना बाधतं. विहिरीचं घाला, नाहीतर नळाचंच पसरट भांड्यात दिवसभर उन्हात उघडं ठेवा, औषध उडून जातं. पण दिवसभर थांबायला माशांना दम कुठला? पंचफुला आत्ताच वर येऊन, एका कुशीवर कलून तोंड उघडत होती.

मोतीरामनं तिच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली बादली उचलली.

"कुठं जाता?" शालूनं विचारलं.

"पानी आनाले."

आता ती विहीर. अकोल्यात खणाल तिथं खारं पाणी लागतं, पण चिंतामणराव वकिलांच्या वडिलांनी खणलेल्या या एका विहिरीला गोड झरा होता. मोकळ्या जागेत होती, सगळी गल्ली भरायची. फक्त शेषरावच्या चाळीतले लोक आले की वकिलीणबाई, म्हणजे सरोजिनीबाईच, हसून म्हणायच्या, "तुम्हाला सरकारनं नळ दिलाय ना." हसून म्हटलेल्या गोष्टीची फिर्याद कशी द्यायची? कायदा झाला होता, नागपूरला दीक्षा घेऊन मोतीरामच्या घरातून जुने देवही गेले होते, पण विहिरीचा दोर तिथल्या तिथंच होता.

मोतीराम आला तशा बायका घागरी उचलून मागं सरल्या. त्यानं कप्पीवर दोर टाकला आणि बादली सोडली. खाली पाण्यात वीतभर लांबीचे काळे मासे फिरत होते. विहिरीत मासे असले की पाण्यात किडे होत नाहीत, म्हणून वकिलांच्या वडिलांनी सोडलेले. सरोजिनीबाई रोज दुपारी त्यांना मुरमुरे टाकत. बादली अर्ध्यावर आली आणि मागून कोणीतरी दोर पकडला.

वकिलांचा धाकटा भाऊ, मोरोपंत. आखाड्यात जाणारा, मानेनं बैलासारखा.

"दोर सोड म्हाताऱ्या."

"नाई सोडत."

"तुमच्या घरी नळ आहे."

"तुमच्या घरीबी हाये."

मोरोपंतानं त्याच्या कमरेत लाथ घातली. मोतीराम कठड्यावर आपटला, ओठ फुटला, पण दोर त्यानं मनगटाला गुंडाळून घेतला होता. दुसरी लाथ बसली, तिसरी बसली. बादली वर आली तशी त्यानं ती दोन्ही हातांनी धरली आणि पाण्यासकट मोरोपंताच्या कपाळावर हाणली. भुवई फाटली. मोरोपंत डोळे धरून खाली बसला आणि बायका किंचाळत पळाल्या.

ओसरीवरून चिंतामणराव उतरले. पांढरंशुभ्र धोतर, हातात वर्तमानपत्र. भाऊ उठून पुन्हा धावला तसा त्यांनी त्याचा दंड धरला.

"मोरू, कायदा आहे. भरू दे त्याला."

मोतीरामनं पुन्हा बादली सोडली, भरली, आणि भर रस्त्यानं घरी आणली. ओठाचं रक्त पाण्यात ठिबकत होतं. शालूनं पाणी फडक्यातून गाळलं आणि पेटीत घातलं. थोड्या वेळानं पंचफुला सरळ झाली.

शेषराव कचेरीतून आला, बापाचा सुजलेला चेहरा आणि बायकोचा गाल पाहिला. कोणतं कोणी केलं ते त्याला विचारावं लागलं नाही. त्यानं आधी गंगाळात नळाचं पाणी भरलं आणि अंगणात उघड्यावर ठेवलं.

"उद्यापासून हेच घाला. विहिरीवर जाऊ नका बाबा."

"जाईन. माशाइसाठी नाई, प्यासाठी जाईन. रोज जाईन."

त्या संध्याकाळी वकिलांच्या विहिरीवर दवाखान्याचा माणूस आला. साथ सुरू झाली तेव्हा यालाच चिंतामणरावांनी हात हलवत परत पाठवलं होतं. झऱ्याचं पाणी, त्याला औषध कशाला, चव बिघडेल. आज मात्र त्यांनी स्वतः निरोप धाडला होता. माणूस म्हणाला, दोन मुठी पुरे. चिंतामणराव म्हणाले, राहू दे इथं पोतं, मी पाहतो. गोमूत्र नाही, मंत्र नाही, कोणाला बोट ठेवायला जागा नाही. वकिली काय उगाच केली होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी सरोजिनीबाई मुरमुरे घेऊन गेल्या आणि विहिरीत वाकून पाहतात तो सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

पुढचं व्हायला वेळ लागला नाही. विहिरीवर काल कोण आलं होतं, हे गल्लीला सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्यानं पाण्यात काहीतरी कालवलं, सकाळपासून वास मारतोय. घरोघरची पोरं तेच पाणी पितात. हैज्यानं आधीच टरकलेली माणसं ती, काठ्या घेऊन निघाली. पुढं मोरोपंत, कपाळाला पट्टी, हातात शेपटीला धरलेला मेलेला मासा.

शेषराव कचेरीत होता. मोतीराम दारात उभा राहिला. मोरोपंतानं तो मासा त्याच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा, खवले गालाला चिकटेपर्यंत. मग काठ्या पडल्या. मोतीरामनं डोक्यावर हात घेतला आणि तोच उजवा हात मनगटात मोडला. दोघे त्याला ओलांडून आत घुसले. काच फुटल्याचा आवाज झाला, पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलं आणि त्याबरोबर लाल मासे अंगणात आले.

आणि खाली पडलेल्या मोतीरामच्या नाकात वास गेला. तोंडावर मारलेल्या माशाचा, ओठांवर लागलेल्या पाण्याचा. नाकात झणझणणारा, नळाचा वास. काल विहिरीच्या पाण्याला तो नव्हता. त्यानं मान वळवली. गर्दीच्या पाठीमागं, रस्त्याच्या पलीकडं चिंतामणराव उभे होते. म्हातारा आपल्याकडे पाहतोय हे त्यांनी पाहिलं आणि ते आपल्या फाटकाची कडी नीट बसते का ते बघू लागले.

माणसांच्या पायांतून शालू गुडघ्यांवर सरपटत होती. कोणाची तरी काठी तिच्या पाठीत बसली. मातीत तडफडणारा एकेक मासा ओंजळीत धरून ती अंगणातल्या गंगाळात टाकत होती. निम्मे पायांखाली गेले. पंचफुला तिला शेवटी सापडली, काचांच्या ढिगात.

शेषरावनं चौकीत फिर्याद दिली. तिचं पुढं व्हायचं ते होवो. मोतीरामचा हात फळीला बांधून गळ्यात अडकवला गेला आणि त्याला अंगणात बाजेवर गंगाळाशेजारी झोपवलं. गंगाळात चार मासे जगले होते, पंचफुला त्यांतली एक. नळाचं पाणी आदल्या दिवशी उन्हात ठेवायचं आणि मग घालायचं, हे काम आता शालूकडे होतं. एकदा ती पाणी बदलत असताना म्हातारा तोंड फिरवून म्हणाला,

"तुले मारलं म्या. माह्या हाताले किडे पडो."

"पडले की," शालू म्हणाली. "मोडला नाई का?"

म्हातारा हसला, आणि मग बराच वेळ रडला. शालूनं त्याला रडू दिलं.

महिना सरत आला. विहिरीच्या पाण्याचा वास गेला, पण आता त्यात किडे वळवळू लागले. बायका घागरी भरून नाक मुरडत गाळत बसायच्या. एका दुपारी, गल्ली निजलेली असताना, सरोजिनीबाई हातात तांब्या घेऊन अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"शेषरावांचे वडील आहेत का?"

म्हातारा समोरच बाजेवर होता. तो उठून बसला.

"हाओ. हाये."

"विहिरीत किडे झालेत. एखादा मासा मिळाला असता तर..."

"बजारात भेटत नाईत का मासे?"

"मिळतात. मेलेले."

शालूला हसू आलं असतं, पण पाठ अजून दुखत होती. सरोजिनीबाई गंगाळाकडे पाहत होत्या.

"औषध ह्यांनीच टाकलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं पोतं. मला माहीत होतं."

"मलेबी मालूम होतं बाई. तुमच्या दिराच्या हातातल्या माशाले वास येत होता."

बाई परत फिरेनात. शालूनं सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मान हलवली, दे म्हणून. तिनं वाटी घेतली, गंगाळातून पाण्यासकट एक मासा उचलला आणि पुढं झाली. तशी सरोजिनीबाईंनी तांब्या जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरल्या. सवय ती. शालूच्या ते ध्यानात आलं. तिनं दात आवळले आणि वाटी जितकी वर नेता येईल तितकी वर नेली.

"थांब वं पोरी," मोतीराम म्हणाला. "वरून नको वतू."

"मंग?"

"सोड तो मासा परत. त्याइले घेऊ दे हातानं. पानी आपल्या नळाचं हाये, साफ हाये. हात घाला बाई, अन् जो येईन तो घेऊन जा."

सरोजिनीबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. त्यांच्या घराचं दार उघडं होतं आणि ओसरीवर वर्तमानपत्र उघडून कोणीतरी बसलं होतं. पान उलटल्याचा आवाज इथवर आला.

त्या गंगाळाशी बसल्या. बांगड्या कोपरापर्यंत मागं सारल्या आणि हात पाण्यात घातला. बाकीचे मासे दूर पळाले. पंचफुला मात्र सावकाश वर आली आणि त्यांच्या बोटांना तोंड लावून पाहू लागली.