बंबकाकांचा कोरा पट्टा

बंबकाकांना खरं नाव होतं, पण ते नोकरीच्या कागदांपुरतं. जंगलखात्यात चौतीस वर्षं वणवे विझवणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? इतरांना धूर दिसेपर्यंत ते हिरव्या डहाळ्यांची झोडणी खांद्यावर टाकून अर्धा डोंगर चढलेले असायचे.

त्यांची एकुलती एक लेक शिकूनसवरून आगीच्याच अभ्यासाला लागली, तेव्हा ते आठ दिवस भेटेल त्याला सांगत होते, "कुंपणानंच शेत खायचं ठरवलंय."

लेकीचं काम चिखलाचं होतं. डोंगराखालच्या तळ्यात लांब नळी रोवून तळाचा गाळ वर काढायचा, त्याचे अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरचे काप करायचे, एकेक काप औषधात भिजवून बारीक चाळणीवर धुवायचा आणि मागे उरलेले कोळशाचे कण मायक्रोस्कोपखाली मोजायचे. वणवा लागला की कोळसा उडत, वाहत तळ्यात येतो आणि वर्षांच्या थरांत गाडला जातो. कण जास्त, तिथे आग.

नऊशे वर्षांचा गाळ मोजून झाला. आलेखावर दर दहाबारा वर्षांनी एक लहानसा उंचवटा होता. डोंगर जणू ठरल्या वेळी पाचोळा जाळून मोकळा व्हायचा. मग अगदी वरच्या थरांत उंचवटे थांबले होते. नऊ कापांत मिळून अकरा कण. लेकीनं वर्षांचा हिशेब केला आणि खुर्चीत मागे टेकून एकटीच हसली. ते तिचे बाबा होते.

हसू फार टिकलं नाही. तिला दिसत होतं, की चौतीस वर्षांत जो पाचोळा जळला नाही, तो सगळा डोंगरावर पडून आहे. आता आग लागली तर ती जमिनीवर न थांबता शेंड्यांना भिडेल. थंडीत थोडाथोडा डोंगर आपणच जाळावा, असं तिनं जंगलखात्याला कळवलं, आणि तिथल्या मोठ्या साहेबांनी होकारही दिला. आता हे बाबांना सांगायचं कसं?

"तू सांग, नाहीतर मी सांगते," आई म्हणाली. "मी तिखटमीठ लावून सांगेन. तुझे आकडे बरे."

म्हणून एका दुपारी तिनं बाबांना प्रयोगशाळेत नेलं. त्यांनी एक डोळा गच्च मिटून मायक्रोस्कोपात पाहिलं.

"हे काळं काय?"

"लांबट आहे तो गवताचा कोळसा. ठोकळ्यासारखा आहे तो लाकडाचा."

"आणि मी कुठे आहे?"

तिनं आलेख पुढे सरकवला आणि कोऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे तुम्ही. नऊशे वर्षांत इतका साफ पट्टा दुसरा नाही."

त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "बाबा, पण..."

"पण पाचोळा साचला," ते म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा घोट्याइतका होता. सुटलो तेव्हा पोटरीपर्यंत. मला कळत नव्हतं होय? तेव्हाच्या साहेबांना एकदा बोललो, तर म्हणाले, तुमचं काम विझवायचं. मग विझवत राहिलो. दर उन्हाळ्यात जास्त भीती वाटायची."

"मग माझ्या अभ्यासाला नाक का मुरडलंत?"

"म्हटलं, पोरगी खणायला बसली की पहिल्यांदा बापाची चूक हाती लागणार."

"चूक कसली? तेव्हा सगळे आग दिसली की विझवायचीच असं समजत होते. आणि तुम्ही विझवलेल्यांतल्या चार आगी वस्तीकडे निघाल्या होत्या. त्या कुणी अडवल्या?"

"पाच," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसत बसले.

जाळायच्या दिवशी दव वाळायच्या आत ते डोंगरावर हजर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जाळायच्या तुकड्याभोवती झाडून काढलेली जाळरेषा त्यांनी पावलांनी मोजली. "तीन हात? ही काय रांगोळी आहे? सहा करा." मोठ्या साहेबांनी मुकाट्यानं सहा करवली. मग बंबकाकांनी चिमूटभर माती हवेत सोडून वारा पाहिला.

लेकीनं टेंभा त्यांच्यापुढे धरला.

"मला नको सांगू. तू लाव, मी राखतो."

तिनं वाऱ्याच्या उलट बाजूनं आग लावली. घोटाभर उंचीची ज्वाळा गोगलगाईसारखी सरकू लागली. बंबकाका झोडणी घेऊन तिच्या बाजूनं चालत होते. एक ठिणगी रेषेपलीकडे पडली, ती त्यांनी एका फटक्यात गार केली. दुसरी तशीच. मग एका खोलगट जागी आग आपसूक विझली. आत पाचोळा तसाच राहिला.

ते थबकले. लेक लांबून पाहत होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, झोडणीच्या टोकानं दोन पेटती पानं उचलली आणि खोलगटात ढकलली. धूर आला, मग ज्वाळा. तिथेच कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले, आणि साहेब हसले तसे तेही ओशाळं हसले.

दुपारी दोघं घरी आली तेव्हा आईनं दारातच अडवलं. "आधी आंघोळी. कोण बाप आणि कोण लेक, तेही ओळखू येत नाही."

त्यानंतर फिरायला जायचं म्हणून ते रोज त्या तुकड्यावर जाऊ लागले. एक अवकाळी पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात ते थेट प्रयोगशाळेत आले, गुडघ्यांना राख लागलेली.

"एरवी रुजत नाहीत त्या टणक बियांना आगीनं चीर गेलीय," ते म्हणाले. "सत्तेचाळीस रोपं आहेत. दोनदा मोजली. लिहून घे."

तिनं लिहून घेतलं.