गरम पाण्याची गार खोली

सासूबाईंनी आपल्या लेकीच्या सासरी अकरा वर्षं एकच सांगितलं होतं, की आमची सून कंपनीत असते. कुठल्या कंपनीत, काय करते, हे कुणी खोदून विचारलं नाही आणि त्यांनीही विषय वाढू दिला नाही. खरी गोष्ट अशी की सून फ्रिज दुरुस्त करायची. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचं स्वतःचं दुकान होतं. सासूबाईंची घरात काही तक्रार नव्हती, पण विहीणबाई समोर आल्या की जीभ अडखळायची.

थंडीचे दिवस. एका रविवारी सकाळी सासू-सून दोघी लेकीकडे गेल्या, तर विहीणबाई नुकत्याच न्हाणीघरातून बाहेर आल्या होत्या, दोन शाली गुंडाळून.

"आज पुन्हा कोमट," त्या म्हणाल्या. "कोमट म्हणायचं आपलं मन राखायला."

जावयाने मान खाली घातली. हवेतली ऊब घेऊन पाणी तापवणारं हे यंत्र त्यानेच हौसेनं आणलं होतं आणि सहा महिने आल्यागेल्याला त्याचे गोडवे गायले होते. आता तीन आठवडे पाणी तापेना. कंपनीने फोनवरच निदान करून टाकलं होतं, की गॅस गळाला, माणूस पंधरा दिवसांनी येईल.

सुनेने चहाचा कप खाली ठेवला. "मी बघू का?"

सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, पण सून तोवर पिशवीतून पेचकस काढत उठलीसुद्धा होती.

स्वयंपाकघरामागे सामानाची अरुंद खोली होती. दार उघडताच गारठा अंगावर आला. तीन ट्रंकांमागे माणसाएवढी पांढरी टाकी उभी, डोक्यावर पंखा घरघरत होता. सुनेने वरचं झाकण काढलं, बॅटरी मारली. आतल्या नळ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ. तिने खोलीत तापमापक धरला तर सहा अंश, बाहेर बोळात एकोणीस.

"गॅस गळालेला नाही, भाऊजी," ती म्हणाली. "गळाला असता तर बर्फ नळीच्या सुरुवातीलाच थोडासा दिसला असता. हा सगळीकडे सारखा आहे."

"मग बिघडलंय काय?" विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हा उलटा फ्रिज समजा. फ्रिज आतल्या भाजीची ऊब काढतो आणि मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात टाकतो. हा खोलीतल्या हवेची ऊब काढतो आणि टाकीतल्या पाण्यात टाकतो. पंखा हवा ओढतो, ती या गार नळ्यांवरून जाते, आणि नळ्यांतला गॅस तिची ऊब उचलतो. मग हा कॉम्प्रेसर तो गॅस दाबतो. दाबला की गॅस चांगलाच तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो ना, तसं. तो गरम गॅस टाकीभोवतीच्या नळीतून फिरून पाणी तापवतो, गार होतो आणि पुन्हा ऊब आणायला निघतो. हा ऊब तयार करत नाही, नुसती उपसतो."

बोलता बोलता ती वाकली. दाराच्या खालच्या फटीला रबराची नवीकोरी पट्टी होती. वरच्या झरोक्यात पुठ्ठा ठासलेला.

"हे कधी केलं?"

जावयाने घसा खाकरला. "झाले तीन-चार आठवडे. पंख्याच्या आवाजानं आईची दुपारची झोप मोडायची."

सासूबाईंच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "म्हणजे आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!"

सून वळून हसली. "अगदी बरोबर, आई. बंद खोलीतली ऊब उपसून संपली. आता तीच गार हवा फिरून फिरून ओढतोय बिचारा."

विहीणबाईंनी सुनेच्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "तुमची सून कंपनीत नक्की काय करते म्हणाला होतात?"

वेळ मारून नेता आली असती. निदान चार सबबी ओठांवर आल्याही होत्या. पण सासूबाईंना त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली.

"कंपनीत नाही," त्या म्हणाल्या. "फ्रिज दुरुस्त करते. स्वतःचं दुकान आहे. तुम्ही नाक मुरडाल म्हणून मी इतकी वर्षं थापा मारल्या. खरं तर नाक माझंच वाकडं होतं."

आत पंख्याच्या जाळीचे पेच सोडवत असलेल्या सुनेचा पेचकस क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

"मला वाटायचं कुठेतरी कागद खरडत असेल," विहीणबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा हे कितीतरी बरं."

मग सगळे कामाला लागले. जावयाने झरोक्यातला पुठ्ठा उपटला, गुडघ्यांवर बसून रबर खरवडलं, लेकीने ट्रंका हलवल्या, सुनेने पंख्याची जाळी नळाखाली धरली तर धुळीचा जाड थर निघाला. दार सताड उघडं ठेवून बर्फ वितळू दिला. "या दाराला झडपा बसवून घ्या, म्हणजे बंद केलं तरी हवा खेळती राहील," सुनेने बजावलं आणि यंत्र सुरू केलं. टाकीवरचा पाण्याच्या तापमानाचा आकडा एकतीसवर होता.

सासूबाईंनी बोळात खुर्ची मांडली ती मांडलीच. जेवणाचं ताट तिथेच मागवलं. चौतीस झाले, चाळीस झाले.

"आई, इथे बसून राहायची गरज नाही. वाढणारच आहे," सून म्हणाली.

"मला ठाऊक आहे वाढणार. मी त्यासाठी नाही बसले."

"मग?"

"माझ्या सुनेचं काम आहे. बघत बसले."

सून उगाच पिशवीतली हत्यारं लावत राहिली.

तीन वाजता आकडा बावन्नला पोचला. विहीणबाईंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा आंघोळ केली, सावकाश, आणि गाल लाल करून बाहेर आल्या.

"समोरच्या बाईंचा फ्रिज महिनाभर खडखडतोय," त्या म्हणाल्या. "बोलावू का त्यांना?"

सुनेने तोंड उघडण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "रविवारी ती काम घेत नाही. उद्या दुकानावर यायला सांगा." आणि त्यांनी दुकानाचा पत्ता, खाणाखुणांसकट, दोनदा सांगितला.