मला घाटात दम का लागायचा

मी केजच्या मोहनरावांची विलायती गाडी बोलतेय. हसू नका. टायर बसले असले तरी माझा तोरा अजून बसलेला नाही.

जन्म माझा साता समुद्रापलीकडचा. हैदराबादच्या एका जहागीरदाराने मला बोटीतून मागवलं. गाद्या मऊ चामड्याच्या, इंजिनाचा आवाज असा की शेजारी झोपलेलं मूल जागं होऊ नये. पुढे निजामी गेली, जहागिरी गेली, आणि मी मोहनरावांच्या दारात आले. ड्रायव्हर आश्रुबा मला रोज इतकं पुसायचा की त्याची बायको माझ्यावर जळायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसू लागले, आणि नेमका तेव्हाच मोहनरावांनी सहकारी साखर कारखाना काढायचा घाट घातला. बीडच्या पेंटरकडून लाल पाटी रंगवून घेतली, 'मोहनराव, चेअरमन, नियोजित सहकारी साखर कारखाना', आणि माझ्या पुढच्या जाळीवर बसवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी नव्या नवरीसारखी मिरवत गावोगाव सभासद करत फिरले.

पण बीडहून परतताना मांजरसुंब्याचा घाट लागला की माझं पाणी उकळायचं. बॉनेटमधून वाफ निघायची आणि चेअरमनसाहेब धोतर सावरत मला ढकलायचे. लोक तोंडावर बोलू लागले, "ज्याची गाडी घाट चढंना, त्याचा कारखाना काय उभा ऱ्हानार?" सभासद गळायला लागले.

शहादेव मिस्त्रीने माझा रेडिएटर उतरवून सोड्याने धुतला, पंख्याचा पट्टा बदलला. गळती थांबावी म्हणून हळदसुद्धा टाकली. त्याच्या अंगणात मी तासन्‌तास चालू राहायचे, उष्णतेचा काटा जागचा हलायचा नाही. घाटात मात्र पुन्हा तेच.

शेवटी मोहनराव म्हणाले, "उद्या शेवटचं बगतो. घाट चढली तर ठीक, न्हाई तर भंगारात."

आश्रुबाने ती रात्र माझ्याच पायरीवर बसून काढली. मीही घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्यापासून निघालो. शहादेवही सोबत, डिकीत पाण्याचे दोन डबे. निम्मा घाट झाला आणि काटा तांबड्यात गेला. आश्रुबाने मला कडेला घेतलं. शहादेवने ओलं पोतं धरून झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली आणि एक डबा हळूहळू रिकामा केला.

रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. त्यांचं टँकरचं पाणी त्या दिवशी आलंच नव्हतं. मी प्यायलेल्या त्या डब्याकडे त्या बघत होत्या. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्यांतली सरूबाई नाकावरचा पदर सोडत जवळ आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, हिच्या तोंडावर फळी कावून बांदली? धुरळ्यात मीबी पदर बांदते, पर डोक्यावर खडीची पाटी घिऊन चढायचं आसलं की सोडते. हिला वारं नगं का?"

शहादेवने कपाळावर हात मारला. माझ्या दुरुस्तीच्या वेळी आश्रुबा ती पाटी अदबीने काढून, धुतल्या धोतरात गुंडाळून घरात ठेवायचा. साहेबांच्या नावाला ग्रीस लागू नये म्हणून! शहादेवने मला पाटीसकट कधी तपासलंच नव्हतं.

आता ती काढणार कोण? आश्रुबा खाली बघू लागला. शहादेव पान्याशी चाळा करत राहिला. सगळ्या बायांसमोर चेअरमनच्या नावाला हात लावायची कुणाची छाती?

मोहनराव खाली उतरले. "आण बे तो पाना इकडं." त्यांनी स्वतः चार नट सोडले आणि पाटी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले.

काय सांगू! गार वारा जाळीतून आत शिरला आणि माझ्या इंजिनाला कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटलं. वळणामागून वळण गेलं, काटा मधोमध राहिला. माथ्यावर आश्रुबाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो चक्क रडला. वाचले होते मी! मोहनराव इतके हसले की मांडीवरची पाटी खाली पडली.

मग ती उचलत ते म्हणाले, "आश्रुबा, दुसरा डबा भरलेलाच हाय न्हवं? फिरव गाडी."

आम्ही निम्मा घाट उतरून पुन्हा बायांपाशी आलो. मोहनरावांनी स्वतः तो डबा सरूबाईपुढे ठेवला.

"आरं, पानी उरलं!" ती म्हणाली. "म्हंजी चढली म्हना की." बाया ओंजळीने प्यायल्या आणि आम्ही तोच चढ दुसऱ्यांदा, न थांबता चढलो.

कारखाना पुढे उभा राहिला. त्याच्याच आवारात मी आता पत्र्याखाली उभी असते. आश्रुबा गेला, शहादेवही थकला. नवे चेअरमन निवडून आले की कार्यकर्ते नवी पाटी घेऊन माझ्याकडे फोटो काढायला येतात. बाबांनो, तुमचं नाव खुशाल माझ्या पाठीवर लावा, मी ते हौसेने मिरवीन. समोर मात्र नको. तिथून मी श्वास घेते.