चौथ्या ओळीतला खड्डा

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. या घरात मात्र मी बरीच वर्षं टेबलाची नोकरी केली. इस्त्रीचे कपडे, फुलदाणी, आजोबांचा चष्मा, सगळं माझ्या डोक्यावर. "किती मजबूत आहे!" असं कौतुकही झालं.

तरुणपणी मी एका संगीतशाळेत होतो. मला वाजवायला मुलांची रांग लागे. शाळा बंद पडली आणि मी इथे आलो.

मग घरातली छोटी मुलगी, चिमणी, पियानो शिकू लागली. तिला एकच गाणं दिलं होतं. ती झोकात सुरुवात करी, चौथ्या ओळीत अंगठा अडखळे, की स्वारी पुन्हा पहिल्या ओळीवर! शेवटच्या ओळीची आणि माझी तर ओळखच झाली नव्हती.

एक दिवस आई टेप घेऊन मला मोजू लागली. "चिमणे, हे गाणं पुढे जातं का गं कधी? रविवारी मावशी येतेय. तिच्यासमोर शेवटपर्यंत वाजव. नाहीतर पियानो तिच्याकडे जाईल आणि इथे कपाट येईल."

चिमणीने घाबरून वेग वाढवला. त्यामुळे ती त्याच खड्ड्यात अधिक जोरात पडू लागली.

आजोबांनी पेपर खाली ठेवला. "रस्त्यात ठेच लागली की तू घरी परत येऊन पुन्हा निघतेस का गं?"

"नाही."

"मग इथे का? अडतेस तेवढाच तुकडा वाजव. गोगलगायीसारखा."

"कंटाळा येईल!"

"मला आलाय की! कधीपासून पहिलीच ओळ ऐकतोय."

त्या दिवसापासून ती तेवढाच तुकडा घेऊन बसू लागली. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही, अगदी सावकाश. रोज थोडाच वेळ, पण रोज.

रविवारी मावशी चहा घेऊन बसली. आई टेप घेऊन उभी. चौथी ओळ आली. माझ्या सगळ्या तारांनी श्वास रोखला. चिमणीचा अंगठा बोटांखालून अलगद सरकला आणि गाणं पुढे गेलं! शेवटच्या ओळीतली माझी एक पट्टी सवय नसल्याने जरा खोकली, एवढंच.

"हा इथेच शोभतो गं," मावशी म्हणाली.

आईने टेप गुंडाळली आणि सवयीने माझ्या डोक्यावर ठेवली. चिमणीने ती उचलून आईच्या हातात दिली.

"आई, हे टेबल नाहीये."

तेव्हा मित्रांनो, ठेच लागते तिथेच जरा थांबा, तिथून हळू चाला. आणि पाण्याचा पेला दुसरीकडे ठेवा. आता मी पियानोच्या नोकरीत आहे.